अमोनियाचा वास मला का आला नाही

"हिला किपवर उभी करा. यांना वासाची सवय असते."

मॅडम हे रागाने बोलल्या नाहीत. हजेरी घेतात त्याच आवाजात बोलल्या. प्रयोगशाळेत आमची अख्खी बॅच उभी होती, नव्या पांढऱ्या कोटांत. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं, निदान काहीतरी घडलंय एवढं तरी कळलं असतं. एकीने ओढणी कोटात खोचली. एकाने बर्नर पेटतो का ते पाहिलं. आणि मी चालायला लागले. हेच मला अजून छळतं. मी काही न बोलता चालायला लागले.

त्याआधी मॅडमनी मला दोनच प्रश्न विचारले होते. कुठून येतेस? भाज्याहून. भाज्यात कुठे? विहाराजवळ. "अच्छा," म्हणाल्या. जात कुणी विचारत नाही हल्ली. गाव विचारतात, मग गावातली जागा विचारतात. तेवढ्यात काम होतं.

हे लोणावळ्यातलं कॉलेज. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, रसायनशास्त्र. वर्षभर आम्हाला एकच मोठा प्रयोग: कागदाच्या पुडीत चिमूटभर मिश्रण देतात. त्यात दोन क्षार असतात. म्हणजे दोन कॅटायन आणि दोन अॅनायन, धन भाराचे दोन आणि ऋण भाराचे दोन. ते कोण आहेत हे शोधून काढायचं. पुडी पांढरी, मिश्रण पांढरं, नाव कशावरच नाही. एकेक रसायन घालायचं, साका पडतो का पाहायचं, रंग पाहायचा, वास पाहायचा. मला हा प्रयोग आवडायचा. खरं सांगते, लय आवडायचा. क्षाराला कुणी विचारत नाही कुठून आलास. तो काय करतो त्यावरून ओळखायचं.

कॅटायन गटागटाने शोधायचे, आणि त्यातले काही गट पकडायला हायड्रोजन सल्फाइड वायू लागतो. कुजलेल्या अंड्याचा वास. तो तयार होतो किपमध्ये. किप म्हणजे एकावर एक तीन फुगे असलेलं काचेचं भांडं. मधल्या फुग्यात काळे खडे, वरून आम्ल. तोटी उघडली की वायू सुटतो. हे भांडं प्रयोगशाळेच्या टोकाला एका खोलीत होतं. तिला सगळे गॅसरूम म्हणायचे. खिडकी एकच, तीही गंजून बसलेली. भिंतीत पंखा होता, तो मी आल्यापासून बंद होता. खरी पद्धत अशी की रोल नंबरप्रमाणे आळीपाळीने एकेकाने किपवर उभं राहायचं. आमच्या बॅचमध्ये ती आळीपाळी माझ्यापासून सुरू झाली आणि माझ्यावरच थांबली.

बाकीचे आपापल्या टेस्ट ट्यूब घेऊन दारापर्यंत यायचे. दारात एक स्टूल होतं. त्यावर ट्यूब ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायचं, रुमाल नाकाला. मी ट्यूब उचलायची, तोटी उघडायची, नळी द्रावणात सोडायची, साका पडला की ट्यूब परत स्टुलावर. थँक यू म्हणायचे हं. सगळे अगदी न विसरता थँक यू म्हणायचे. चांगल्या घरची मुलं.

मी किपवरून सुटेपर्यंत माझ्या स्वतःच्या पुडीला थोडाच वेळ उरायचा. डोकं ठणकायचं, डोळे चुरचुरायचे. भाज्याला जायला मळवलीला उतरायचं, लोणावळ्यापासून एकच स्टेशन, पण लोकलच्या तेवढ्या प्रवासातही शेजारची बाई खिडकीकडे तोंड करायची. मी केस धुवायचे, वेणी सोडून पुन्हा धुवायचे. कोट घराबाहेर वळणीवर टाकायचे. आईला सांगितलं, कॉलेजात सगळ्यांनाच करावं लागतं. आई तुंगार्लीला एका बंगल्यात कामाला जाते, शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांचा बंगला. संध्याकाळी ती इतकी दमलेली असते की तिला जे सांगू ते तिला पटतं. आबांना पटलं नाही.

आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. ऐंशी ओलांडलेले. ओट्यावर बसायचे, दिसायचं कमी, पण नाक शाबूत. एक दिवस मी पायरी चढले आणि त्यांनी हात वर केला.

"पोरी, ह्यो वास कसला?"

मी म्हटलं, गॅस हाय आबा, कॉलेजातला. प्रयोगाचा.

"समदी पोरं जात्यात का त्यात?"

 चपला काढण्यात मी उगाच वेळ घातला.

"आमी टाकून दिलं ते," आबा म्हणाले. "तू कशापायी उचललंस?"

आबा कशाबद्दल बोलत होते ते मला माहीत होतं. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या लहानपणी गावात कुणाचं ढोर मेलं की वस्तीवर सांगावा यायचा. आबा आपल्या बापाच्या मागे दावं धरायला जायचे. मग छप्पन साली वस्तीने धम्म घेतला आणि ठरवलं, आता हे काम नाही. ठरवणं सोपं. पण थोड्याच दिवसांत एक बैल मेला, सांगावा आला आणि कुणी गेलं नाही. बैल ओढ्याच्या कडेला पडून राहिला. वारा वस्तीच्या दिशेने वाहत होता. आबांची आई दार लावून बसली. पोरांना उलट्या होत होत्या, तरी कुणाला उठू देईना. गावातून निरोपावर निरोप. कामं बंद झाली, दळण बंद झालं, वस्ती हलली नाही. शेवटी गावच्याच माणसांनी बैल ओढून नेला. आबा हे पुन्हा पुन्हा सांगायचे आणि सांगताना हात धोतराला पुसत राहायचे. हात कोरडेच असायचे.

त्या दिवसानंतर आबांनी मला पुन्हा काही विचारलं नाही. मी आले की फक्त मान फिरवायचे. बोलले असते तर मी भांडले असते. त्या फिरवलेल्या मानेशी कसं भांडणार?

मग अंतर्गत परीक्षा आली. मॅडमनी मला सकाळी लवकर बोलावलं, आधीच्या बॅचला गॅस द्यायला. माझी परीक्षा त्यानंतर. मी बाहेर आले तेव्हा टेबल दोन-दोन दिसत होतं.

पुडी उघडली. पांढरं मिश्रण. पहिली चाचणी अमोनियमची. मिश्रणात सोडिअम हायड्रॉक्साइड घालून तापवायचं. अमोनियम असेल तर अमोनिया सुटतो, नाकात घुसणारा. आमच्या प्रयोगशाळेत हे नाकानेच ओळखायचे. खरं तर ओला लाल लिटमस ट्यूबच्या तोंडाशी धरायचा असतो, तो निळा होतो. पण मॅडम लिटमसचा कागद कुलपात ठेवायच्या. नाक दिलंय ना देवाने, म्हणायच्या.

मी तापवलं. ट्यूब नाकाशी नेली. काही नाही. डोळे चुरचुरले, पण ते तर सकाळपासूनच चुरचुरत होते. पुन्हा वास घेतला. काही नाही. मी लिहिलं: अमोनियम अनुपस्थित.

पुढे सगळं नीट झालं. सिल्व्हर नायट्रेटने दह्यासारखा पांढरा साका, म्हणजे क्लोराइड. बेरिअम क्लोराइडने पांढरा साका, आम्लातही न विरघळणारा, म्हणजे सल्फेट. चौथ्या गटात मळकट पांढरं काहीतरी खाली बसलं, तो झिंक. दोन ऋण सापडले, एक धन सापडला. दुसरा धन कुठे गेला? असायलाच हवा होता. मी प्रत्येक गट पुन्हा केला. प्रत्येक वेळी द्रावण स्वच्छ. आणि यातली गंमत अशी, की अमोनियम सुरुवातीला निसटला की नंतर शोधता येत नाही. कारण पुढच्या गटांसाठी आपण स्वतःच त्यात अमोनियम क्लोराइड ओततो. त्यानंतर अमोनियम सगळीकडे असतो, आणि आपला कुठला नि बाहेरचा कुठला हे कुणी सांगू शकत नाही. उरलेल्या चिमटीवर पुन्हा पहिली चाचणी केली. पुन्हा नाक घातलं. ट्यूब हातात, ट्यूबमध्ये अमोनिया, आणि माझ्या नाकाला नुसती हवा.

मॅडमनी माझा पेपर सगळ्यांसमोर उचलून धरला. "अमोनियम नाही म्हणते ही. तुला तर लांबूनच कळायला हवा होता."

या वेळी दोघं-तिघं हसले.

मी नापास झाले. रसायनशास्त्र हाच मुख्य विषय ठेवायचा तर वर्षअखेरच्या परीक्षेत सुटणं भाग होतं. नाही तर विषय हातचा जाणार. मॅडमनी शांतपणे सुचवलंही, बॉटनी घे, तुला झेपेल.

त्याच आठवड्यात आबा गेले. घरी माणसं जमली, बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्त्या, अगरबत्त्या. आईने मोगऱ्याचा हार माझ्या हातात दिला. मी तो आबांच्या गळ्यात घातला आणि थबकले. मोगऱ्याला वास नव्हता. अगरबत्तीला वास नव्हता. मी आबांच्या सदऱ्याशी नाक नेलं. जर्दा आणि उन्हाचा एक वास असायचा त्या सदऱ्याला, लहानपणी मी त्यात झोपलेय. तोही नव्हता. लोकांना वाटलं पोरगी रडतेय. मी रडत नव्हते. मी शोधत होते.

आता उलट होतं. जिथे काही नसतं तिथे मला तो अंड्याचा वास येतो. विहारात वंदना चालू असताना येतो. भाताच्या खाचरात येतो. मी दचकून ओढणी हुंगते, शेजारणीला विचारते, तुला कसला वास येतोय का गं. तिला कसलाच येत नसतो. आणि आबांची मान फिरलेली दिसते.

वाचनालयात बसून मी त्या वायूबद्दल मिळेल ते वाचलं. कधीच वाचायला हवं होतं, पण जो विषय आपल्या अंगाशी येतो तो शोधून वाचावासा वाटत नाही. तिथे साध्या दोन ओळींत होतं. या वायूत जास्त वेळ थांबलं की नाक बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं समजू नये. मी त्या ओळीवर बोट ठेवून किती वेळ बसले कोण जाणे. म्हणजे माझं चुकलं नव्हतं. मला सापडू नये अशा जागी मला रोज नेऊन उभं केलं होतं, आणि मग सापडलं नाही म्हणून हसले होते.

राग आला. आधी मॅडमचा नाही आला. आधी त्या थँक यू म्हणणाऱ्यांचा आला.

वर्षअखेरची परीक्षा. पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले होते, पिकल्या केसांचे एक सर. मॅडमनी पुड्या वाटल्या, माझ्यापाशी आल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, चल, किपवर जा, सगळ्यांचा दुसरा गट होईपर्यंत थांब, मग तुझं कर.

"मी जाणार नाही."

मॅडमना वाटलं मला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं.

"मी किपवर जाणार नाही. रोल नंबर एकपासून लावा."

एवढंच बोलले. मोठं काही नाही. मी टेबलाची कड धरली होती. आता मॅडम ओरडतील असं वाटलं, पण आधी बॅच बोलली. इतके महिने ज्यांच्या तोंडातून थँक यू सोडून काही निघालं नव्हतं, त्यांना एकदम वाचा फुटली. अगं परीक्षा आहे. आमचा वेळ जातोय. आजच का? रोज करतेस ना, एक दिवस काय फरक पडतो तुला? शेजारच्या टेबलावरची सोनल, जिच्याबरोबर मी डबा खायचे, ती तर रडायलाच लागली, म्हणाली तू आमचं नुकसान करतेयस.

ट्यूब घेऊन सगळे दारापाशी उभे होते. स्टूल होतं, आत कुणी नव्हतं.

परीक्षक आले. काय प्रकार आहे म्हणाले. मॅडम म्हणाल्या, मुलगी जरा हट्टी आहे सर. मग सर माझ्याकडे वळले. मी सांगितलं. वर्षभर मीच किपवर उभी राहते. मॅडम म्हणाल्या होत्या, आम्हाला वासाची सवय असते. त्या वायूने माझं नाक बधिर होतं, म्हणून मला अमोनियम ओळखता आला नाही आणि मी नापास झाले. आज मी आत जाणार नाही आणि मला लाल लिटमस पाहिजे.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. 'आम्हाला' म्हणजे कुणाला, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं. पण ज्याला कळलं त्याने तोंड उघडावं असा काही नियम नाही. ते एवढंच म्हणाले, "लिटमस देऊन टाका. आणि कुणीतरी आत जा, वेळ होतोय."

रोल नंबर एक आत गेला. उंच, धडधाकट पोरगा, लोणावळ्यातल्या एका हॉटेलवाल्याचा. थोड्याच वेळात तो बाहेर आला तो बेसिनवर ओणवा झाला आणि भडाभडा ओकला. मग जी धावपळ झाली ती मी बघत राहिले. मॅडमनी स्वतः त्याला पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. प्रयोगशाळेतल्या काकांनी पहारीने ती गंजलेली खिडकी उचकटली. वायरमन आला. परीक्षा संपायच्या आत गॅसरूमचा पंखा फिरायला लागला होता.

इतकं सोपं होतं ते. पंखा फिरायला एका ओकारीचा अवकाश होता, फक्त ती माझी असून चालणार नव्हती.

मी माझी पुडी घेतली. तापवलं. लिटमसची पट्टी पाण्यात बुडवून ट्यूबच्या तोंडाशी धरली. पट्टी कडेकडेने निळी झाली, मग सगळी. अमोनियम. पुन्हा माझ्याच वाट्याला अमोनियम, हा योगायोग की आणखी काही, मला माहीत नाही. पुड्या मॅडमनी भरल्या होत्या. मी चारही आयन लिहिले आणि चारही बरोबर आले. सरांनी सही केली. आनंद झाला का? नाही झाला. निळी पट्टी बघताना एवढंच वाटलं, की आबा असते तर घरी जाऊन सांगितलं असतं, आबा, ठेवलं मी खाली.

दोन दिवसांनी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, पहिल्यांदाच. आवाज मऊ. म्हणाल्या, बाहेरच्या माणसासमोर तू कॉलेजची शोभा केलीस, तरी माझ्या मनात काही नाही. "मी जातपात मानत नाही गं. माझ्या घरी सगळे येतात." मग मुद्द्यावर आल्या. वर्षभराचे अंतर्गत गुण अजून त्यांच्याकडेच आहेत. परीक्षेत अडथळा आणल्याबद्दल मी लेखी माफी मागायची. चार ओळी. लिहून दिल्या की गुण विद्यापीठाकडे जातील, मी पास, विषय माझा. नाही दिल्या तर त्यांचाही नाइलाज आहे.

घरी आईला सांगितलं. या वेळी सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासूनचं. आई भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

"लिहून दे चार वळी," ती म्हणाली. "मी बंगल्यावर रोज म्हंते, चुकलं म्हणून. चूक त्यांची असली तरी म्हंते. जीभ झिजत न्हाई त्यानं."

मला आईचा राग आला नाही.  माझ्या फीसाठी, माझ्या लोकलच्या पासासाठी, या पांढऱ्या कोटासाठी ती रोज चुकलं म्हणत आली होती.

"आई, तू म्हणतेस ते मला म्हणायला लागू नये म्हणून तर मला शिकायला पाठवलंस ना?"

 ती उठली, भाजी चुलीवर टाकली आणि पाठमोरीच म्हणाली, "मंग नको लिहूस. पर नंतर रडत बसायचं न्हाई."

मी माफी लिहून दिलेली नाही. देणार नाही. तक्रार लिहिली आहे, प्राचार्यांना, माझं नाव घालून, वस्तीचं नाव घालून, मॅडमचं ते पहिल्या दिवशीचं वाक्य जसंच्या तसं घालून. साक्षीदार म्हणून सही कर, असं सोनलला विचारलं, ती म्हणाली घरी विचारून सांगते. अजून सांगितलेलं नाही. माझे गुण अडकलेत. अडकू देत. वर्ष गेलं तर पुन्हा बसेन, पुन्हा तीच पुडी उघडेन, रसायनशास्त्राचीच उघडेन. बॉटनी घेणार नाही.

जूनमध्ये नवी बॅच येईल. मॅडम नव्या मुलींना गाव विचारतील, गावातली जागा विचारतील आणि अच्छा म्हणतील. त्या दिवशी मी गॅसरूमच्या दारात उभी असेन. आत ज्या मुलीला पाठवतील तिचा हात धरून मी तिला बाहेर आणणार आहे. मग माझ्यावर काय कारवाई करायची ती करा.